तिसऱ्या प्लगचा गॅप

उत्कर्षाच्या हिशेबात गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एक, भाव विचारून निघून जाणारी. दुसरी, भाव न विचारता गळ्यात काहीतरी भानगड अडकवून जाणारी. दिवाळीनंतरच्या त्या दुपारी नाना पेठेतल्या बापलेकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पायरीवर जो उभा राहिला, तो दोन्हींत बसेना. पहिली शंका तिला तिथंच आली.

खरं तर तो त्यांच्याकडे आलाच नव्हता. आला होता समोरच्या दुकानात, आणि समोरचे शेटर ओढून पुतणीच्या लग्नाला गेले होते. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला पेन, नखं लख्ख. नाना पेठेत येणाऱ्या माणसाच्या नखांत निदान चिमूटभर ग्रीस असावं, अशी तिची माफक अपेक्षा असे. या नखांवर तर वरण-भाताचासुद्धा डाग नव्हता.

"स्पार्क प्लग हवेत. चारही सिलिंडरचे," तो म्हणाला. "सुपरचार्जरची गाडी आहे."

उत्कर्षाने मान वर केली. दिवसभर स्कूटरचे प्लग आणि टेम्पोचे ब्रेक लायनर विकणाऱ्या मुलीला 'सुपरचार्जर' हा शब्द कुणीतरी अत्तराचा फाया धरावा तसा लागला. पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही. दुकानदारीचा पहिला धडा तो.

"कंपनीतून आलेला सुपरचार्जर, की मागाहून बसवलेला?"

"मागाहून. आधीच्या मालकाने. कोल्हापूरचे होते... हौशी."

"मग पुस्तकातला नंबर चालणार नाही. एक नंबरने जास्त थंड प्लग घ्या. तो उष्णता लवकर सोडतो. नाहीतर काय होतं, सुपरचार्जरने जादा हवा आत कोंबली की जाळ वाढतो, प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. इंजिन ठोके द्यायला लागतं."

त्याने ऐकून घेतलं. मग डोळे किंचित बारीक करून विचारलं, "थंड प्लग महाग असतो?"

"भाव तोच आहे. संशय फुकट आहे."

तो हसला नाही. त्याने खोका हातात घेतला, उन्हात तिरपा धरून त्यावरचा चकाकता शिक्का पाहिला, आणि — उत्कर्षाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना — खिशातून भिंग काढलं.

"अहो, मंगळसूत्र घ्यायला आलात का?"

"बाजारात डुप्लिकेट फार आहेत."

"आहेत ना. माणसंसुद्धा."

आता मात्र त्याच्या ओठांचा कोपरा हलला. किंचितच. हलला आणि जागच्या जागी परत गेला. ते उत्कर्षाच्या लक्षात राहिलं. का राहिलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

तिने प्लग उघडले. प्लगच्या टोकाशी मधे एक बारीक तार असते आणि तिच्यावर वाकलेली पट्टी. त्या दोघांमधल्या फटीत ठिणगी उडते. ती फट म्हणजे गॅप. उत्कर्षाने मधल्या तारेला धक्का न लावता नुसती पट्टी हळूच दाबली, फट मोजायच्या फिलर गेजचं पातं सरकवून पाहिलं, पट्टी परत दाबली. पातं अडकतही नाही आणि सैलही जात नाही, असं लोण्यातून गेल्यासारखं गेलं की झालं. "पॉइंट सात केलाय," ती म्हणाली.

"पुस्तकात एक मिलिमीटर आहे."

"पुस्तक लिहिलं तेव्हा तुमचे कोल्हापूरकर नव्हते."

त्याने दुसऱ्या खिशातून स्वतःचा गेज काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत चारही प्लग पुन्हा मोजले. उत्कर्षाची कानशिलं तापली. तिचा गॅप तिच्यामागे मोजायची हिंमत आजवर फक्त तिच्या वडिलांनी, अप्पांनी केली होती. तीसुद्धा ती शाळेत असताना.

"पॉइंट सात. बरोबर आहे," तो म्हणाला. चूक सापडली नाही याचं वाईट वाटल्यासारखा. बिलावर नाव सांगितलं शौनक, पत्ता कोथरूड, फोन नंबर दिला आणि गेला.

आत लोखंडी रॅकच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या अप्पांना, म्हणजे रंगरावांना, तिने लगेच सांगितलं, "हा कंपनीचा माणूस आहे. नकली माल पकडायला गिऱ्हाईक बनून फिरतात ना, तसला. भिंग घेऊन कोण प्लग घेतं?"

"मग फिरू दे की," अप्पा म्हणाले. "आपला माल अस्सल आहे."

"माल अस्सल आहे. मला माणूस अस्सल वाटत नाही."

"तू बाई लग्नाच्या स्थळांनाही हेच म्हणतेस," अप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

आठवडा उलटला आणि तो परत आला. म्हणाला, "चढावर पाय दाबला की गाडी झटके देते. सपाटीला काही नाही."

"गॅप?"

"गॅप बरोबर आहे."

हे तो जरा जास्तच पटकन म्हणाला. उत्कर्षाने मनातल्या मनात नोंद केली. वर त्याने विचारलं, माल कुणाकडून येतो, कधी येतो, दमट हवेत खोके कुठं ठेवता. म्हणजे ठरलंच! तिने हाताची घडी घालून विचारलं, "गाडी कुठाय?"

"आज... रिक्षाने आलोय."

"झटके देणारी गाडी घरी, आणि तक्रार रिक्षाने. गाडी आहे ना नक्की?"

"तुम्हाला काय वाटतं, मी नसलेल्या गाडीसाठी प्लग घेतो?"

"मला काय वाटतं ते सोडा. इथून नेलेले प्लग काढून घेऊन या. गाडी असेल तर प्लग काळे-तांबूस झाले असतील. प्लग खोटं बोलत नाही."

"माणसं बोलतात?"

"सकाळपासून तीन बोलली. तुम्ही चौथे का, ते प्लग पाहून सांगते."

तो गेला. उत्कर्षाने स्कूटरच्या क्लच वायरी मापाप्रमाणे लावल्या, मग पुन्हा काढून पुन्हा लावल्या. मागून अप्पांनी विचारलं, "वायरींवरही संशय आहे का?"

पुढच्या आठवड्यात तो गाडीसकट आला. करड्या रंगाची जुनी हॅचबॅक. दुकानासमोर उभी राहिली ती अशी मस्तीत घुरघुरत, की समोरचे शेटरवालेसुद्धा बाहेर आले. म्हणजे गाडी होती. उत्कर्षाची एक शंका खर्ची पडली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की तिला बरं वाटलं.

गाडीत तात्पुरते आधीचे प्लग घालून, इथून नेलेले त्याने काढून आणले होते. ते काउंटरवर मांडले. प्रत्येक वेगळ्या कागदात, वर सिलिंडरचा आकडा. टोकं छान तांबूस. थंड प्लगची निवड अचूक होती. तिने पहिल्यात गेजचं पातं घातलं. ते नुसतं आत पडलं. दुसऱ्यात, तेच.

"हे एक मिलिमीटर आहे."

तो कागदांच्या घड्या घालायला लागला.

"मी पॉइंट सात करून दिले होते. तुम्ही इथं मोजले होते. माझ्या तोंडावर!"

"हो... पण घरी गेल्यावर वाटलं, पुस्तकात जे आहे ते..." त्याने कान खाजवला. "मी चाकणला नोकरी करतो. सप्लायरकडे जाऊन त्यांचा माल तपासायचा, कागद तपासायचे. समोरचा माणूस सांगतो ते खरं धरायचं नाही, याचाच मला पगार मिळतो."

"म्हणून मला विचारत होतात माल कुठून येतो!"

"सवय. सॉरी. मी आईलासुद्धा विचारतो भाजी कुठून आणली."

उत्कर्षाला हसू फुटणार होतं. तिने ते गिळलं. ड्रॉवरमधून काड्यापेटी काढली, त्याला पायरीवर नेलं. वारा होता. "काडी पेटवा. हात लांब धरून."

पेटली, विझली.

"आता ओंजळ करून, जवळ."

त्याने ओंजळ केली. वारा इतका होता की तिलाही आपला तळवा आडवा धरावा लागला. काडी पेटली. त्या एवढ्याशा उजेडात दोघांची बोटं... लागली नाहीत, पण लागायला काही उरलंही नव्हतं.

"सुपरचार्जर आत हवा कोंबतो," ती म्हणाली. आवाज उगाच खाली आला होता. "त्या दाबात लांबची ठिणगी विझते. सपाटीला दाब कमी, म्हणून तिथं चालतं. चढावर पाय दाबला की झटका. ठिणगीला जवळ घ्यावं लागतं."

"कळलं," तो म्हणाला. काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्याने टाकली नाही.

मग त्याने खरी अडचण सांगितली. मागच्या महिन्यात आई पैठणी नेसून भाचीच्या साखरपुड्याला भोरला निघाली, आणि गाडीने तिला कात्रजच्या जुन्या घाटात उभं केलं. आईने पैठणीसकट टेम्पोला हात केला. तेव्हापासून तिची अट आहे: या रविवारी पुन्हा भोरला जायचं, घाट न अडखळता चढली तर गाडी ठेव, नाहीतर सोमवारी विक.

"माझी पहिली गाडी आहे," तो म्हणाला. "स्वतःच्या पैशाची... आणि माझ्या आयुष्यात न विचार करता केलेली एकच गोष्ट."

हे वाक्य मात्र त्याने भिंगातून तपासून काढल्यासारखं वाटलं नाही.

"नवे प्लग द्या. गॅप तुम्ही करा," तो म्हणाला. "मी मोजणार नाही. इथंही नाही, घरीही नाही. शब्द."

शब्द! उत्कर्षाच्या दुकानात शब्दावर काहीच मिळत नसे. ती आत गेली. पहिला प्लग पॉइंट सात, दुसरा, चौथा... आणि तिसरा हातात घेतल्यावर तिचं बोट थांबलं. 'मोजणार नाही' म्हणणारे किती पाहिलेत. हा एक मिलिमीटरवरच ठेवला तर? मोजला तर तणतणत येईल, शनिवारच्या आत. चोर सापडेल. नाही आला तर...

नाही आला तर काय, याचा विचार करायच्या आत तिने तिसरा प्लग खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. प्लगांवर सिलिंडरचे आकडे टाकून.

तो तणतणत आला नाही.

शनिवारपर्यंत उत्कर्षाने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. मोजून गुपचूप दुरुस्त केला असेल, तर माणूस लबाड, गाडी वाचली. मोजला नसेल, तर माणूस खरा, आणि गाडी घाटात आईसमोर तिच्यामुळे मान टाकणार. कुठूनही बेरीज केली तरी उत्तर तिच्या विरुद्धच येत होतं. शेवटी तिने बिलावरचा नंबर फिरवला.

"हॅलो, उत्कर्षा बोलतेय. प्लग... बसवले का?"

"कालच. का हो?"

"मोजले?"

"शब्द दिला होता ना."

पलीकडे इतकं साधं हसू होतं, की 'तिसरा काढा' हे शब्द तिच्या दातांशी येऊन परत गेले. कारण हा खरं बोलत असेल तर तिने काय केलं हे सांगावं लागणार होतं. आणि खोटं बोलत असेल, तर ते तिला ऐकायचं नव्हतं.

"मी येऊ का उद्या?" ती म्हणाली. "इंजिन ऐकायला."

रविवारी कात्रजच्या चौकात ती गाडीत मागे बसली. पर्समध्ये पॉइंट सातचा एक प्लग, रुमालात गुंडाळून. घाटाच्या आधी सांगायचं, असं ठरवून आली होती. पण पुढच्या सीटवर मंदाकिनीबाई होत्या. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या.

"तूच का ती प्लगवाली?"

"हो, काकू."

"हा गेले तीन आठवडे जेवताना गॅपबद्दल बोलतोय. मला वाटलं दातांचं काही झालं." मग मागे वळून, चष्म्यावरून बघत, "सगळ्या गिऱ्हाइकांबरोबर घाट चढतेस?"

"आई," शौनक म्हणाला.

"विचारलं फक्त. हिला बोलता येतं."

"नाही काकू," उत्कर्षा म्हणाली. "पहिलंच गिऱ्हाईक."

गाडी सपाटीला रेशमासारखी चालली होती. एकही ठोका चुकत नव्हता. सपाटीवर चालणारच, हे तिला कळत होतं. तरी मनाने निकाल लावून टाकला. याने मोजलाय. मोजून दुरुस्त केलाय. शब्द म्हणे! खिडकीबाहेर पेरूंच्या पाट्या, तिखटमिठाच्या वाट्या सरकत होत्या आणि तिच्या छातीत काहीतरी उगाच बसत चाललं होतं. गाडी वाचणार होती. आनंद व्हायला हवा होता ना?

पहिलं वळण आलं. चढ लागला. शौनकने पाय दाबला. बॉनेटखालचा सुपरचार्जर शीळ घालू लागला, गाडी छाती काढून उसळली, आणि —

ठक्. ठक्-ठक्. गाडी खोकली. मान झटकून पुन्हा खोकली.

आणि उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला.

तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की ते आवरायला हात तोंडावर न्यावा लागला. मोजला नव्हता! खरंच नव्हता मोजला! आरशातून शौनकची नजर तिच्यावर पडली. त्याची गाडी मरत होती आणि ही हसत होती. त्याच्या कपाळावर एक आठी चढली. त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

मंदाकिनीबाईंनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे सोमवारी विकायची."

"माझंच चुकलं, आई," तो म्हणाला. "प्लग माझ्या हातून नीट आवळला गेला नसेल. यांनी गॅप बरोबर दिला होता."

"मोजलास?"

"नाही."

"मग तुला काय माहीत बरोबर होता?"

"त्यांनी केला होता ना."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की उत्कर्षाला मागच्या सीटवर बसवेना. दोन शब्द गिळून तिसरा ती बोललीच.

"काकू, यांचं काही चुकलेलं नाही. तिसरा प्लग मी मुद्दाम बिघडवून दिला होता. हे मोजतात की नाही ते बघायला."

बाहेर एक ट्रक कण्हत वर गेला.

"उतरा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. कुणाला, ते कळेना, म्हणून दोघंही उतरले.

इंजिन तापलेलं होतं. अशात प्लग काढला तर आटे जातात, म्हणून थांबणं भाग होतं. बॉनेट उघडून दोघं उभे राहिले. तो इंजिन निवतंय का ते बघत होता, ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"म्हणजे परीक्षा होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि मी पास झालो की गाडी नापास. नापास झालो असतो तर गाडी पास."

"हो... मी शनिवारी सांगणार होते."

"फोनवर तुम्ही 'मोजले?' विचारलंत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझा पगार जाईल हे ऑफिसात कळलं तर." मग हळूच, "झटका बसला तेव्हा हसलात. का?"

उत्कर्षाने रुमालाची गाठ सोडवली, पुन्हा बांधली. "कारण सपाटीला मला वाटलं तुम्ही मोजला... आणि मला इतकं वाईट वाटलं, की..."

"की?"

"की मग मला माझाच संशय आला. एका गिऱ्हाइकाने प्लग मोजला तर कुणाला रडू येतं का?"

त्याच्या ओठांचा तो कोपरा हलला, आणि या वेळी जागेवर परत गेला नाही.

मागून दार वाजलं. मंदाकिनीबाई पदर खोचून आल्या, पर्स उघडली आणि फिलर गेज काढून बॉनेटच्या कडेवर ठेवला. शौनकचा गेज.

"हे काय, काकू?"

"याने दिला माझ्याकडे, प्लग आणले त्या दिवशी. म्हणाला, कपाटात कुलूप लावून ठेव, मी मागितला तरी देऊ नकोस. मग मागितला. दोनदा."

"आई!"

"एकदा म्हणाला खुर्चीचा पाय मोजायचाय." त्या उत्कर्षाकडे वळल्या. "शाळेत मी अशा परीक्षा घेतल्या नाहीत हो. ज्यात पास व्हायला गाडी मोडावी लागते. पण पेपर कडक होता, हे मान्य." आणि पेरूवालीकडे चालू लागल्या.

इंजिन निवलं. शौनकने तिसरा प्लग काढला. उत्कर्षाने रुमालातला प्लग पुढे केला. त्याने तो घेतला आणि न बघताच खाली न्यायला लागला.

"थांब," ती म्हणाली. 'थांबा' म्हणायचं राहून गेलं, आणि परत घेतलं नाही. तिने बॉनेटवरचा गेज उचलून त्याच्या हातात दिला. "मोज."

"नको. माझा विश्वास आहे."

"माझाही आहे. म्हणूनच म्हणते, मोज. लोकांचा भरवसा असला की माझा हात आळशी होईल."

त्याने प्लग उजेडात धरला. पातं सरकलं. अडकलं नाही, सैलही गेलं नाही.

"पॉइंट सात," तो म्हणाला. "बरोबर आहे."

या खेपेला त्याला अजिबात वाईट वाटलेलं नव्हतं.

पुन्हा निघताना मंदाकिनीबाई पेरू खात मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "तू पुढं बस गं. पुन्हा अडली तर तूच उतर." पण गाडी अडली नाही. वळणामागून वळण शीळ घालत चढली, जुन्या बोगद्याच्या गारव्यात शिरली आणि पलीकडच्या उन्हात बाहेर पडली. मागून फक्त एवढंच ऐकू आलं, "ठेव गाडी."

खाली उतारावर शौनकने खिसा चाचपला, मग दुसरा. "माझा गेज कुठाय?"

"माझ्या पर्समध्ये," उत्कर्षा म्हणाली, समोर रस्त्याकडे बघत.

"मग दे ना."

"दुकानात ये. बघते, सापडला तर देईन."

"आणि नाही सापडला तर?"

"तर पुन्हा ये."

"मला जरा संशय येतोय," शौनक म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली.